देवळाला तडा गेलाय, खाली जमीन खचतेय: सिमेंट भरायच्या आधी काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं

आपल्या सोलापूर जिल्ह्यात गावोगाव एकच प्रकार दिसतो. जुन्या देवळाच्या भिंतीला नाहीतर गढीच्या बुरुजाला तडा जातो, गावकरी वर्गणी काढतात, गवंडी येतो, तड्यात सिमेंट भरतो, वरून ऑइल पेंटचा हात मारतो, आणि दोन पावसाळे गेले की त्याच्याच शेजारी दुसरा तडा. दोष भिंतीत नसतोच, खालची जमीन सरकत असते आणि ती का सरकतेय, किती सरकतेय, हे कुणी मोजलेलंच नसतं. वर सिमेंट भरल्यामुळे पुरावाही बुजून जातो, मग तहसीलदारासमोर दाखवायला हातात काही राहत नाही.

आपल्याकडे कोळशासारखी भूमिगत खाण नाही, खाली सगळा काळा पाषाण. पण जमीन पोकळ करायची बाकीची साधनं भरपूर आहेत: भीमा-सीनेतला वाळूउपसा, देवळाला खेटून काढलेला मुरूम, क्रशरसाठी सुरुंग लावून फोडलेली दगडाची खाण, आणि माळवदावर टाकायला पांढरीच्या म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, गढीच्या पायातून काढलेली पांढरी माती. खरी भूमिगत खाण बघायची तर चंद्रपूर-वणी भागात जावं लागतं. तिकडं ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसला एक आख्खं घर जमिनीत गडप झालं होतं. भद्रावतीला विजासनची लेणी आहेत आणि आजूबाजूला कोळशाच्या खाणी, मनसरला वाकाटककाळातले अवशेष आहेत आणि त्याच परिसरात मँगनीजच्या खाणी. त्यामुळे खाणवाल्या भागात जमीन मोजायची जी पद्धत रुळलीय तीच खाली दिलीय, आपल्या मातीप्रमाणे लागतील ते बदल करून, आणि शेवटाकडे खऱ्या भूमिगत खाणीसाठी वेगळा टप्पाही आहे.

टप्पा १: आधी माणसं, मग दगड

तुळईला म्हणजे खांबांवरच्या आडव्या दगडाला मधोमध तडा असेल, छताचा दगड खाली लोंबलेला दिसत असेल किंवा भिंत पोट काढून पुढे आली असेल तर त्या भागात लोकांचं येणं-जाणं आजच बंद करा. दोरी बांधा, बोर्ड लावा, यात्रा असेल तर रांग दुसऱ्या दाराने फिरवा. मोजमाप उद्या करता येईल.

जमिनीत अचानक खड्डा पडला असेल तर कडेला उभं राहून फोटो काढू नका, कारण अशा खड्ड्याचं तोंड वर लहान असतं आणि आत पोकळी मोठी असते. खड्ड्यात लगेच मुरूम ढकलू नका, आधी त्याची जागा, तोंडाची रुंदी आणि खोली लांबूनच नोंदवून ठेवा.

टप्पा २: जमीन नेमकी कशामुळे हलतेय ते ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात म्हणून यावर जरा जास्त लिहितो. सोलापुरात मोठा गोंधळ घालते ती काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आवळते, आणि तिच्यावर पाया असलेली कुठलीही इमारत वर्षभर वरखाली होत राहते. एप्रिल-मेमध्ये बघितलं तर तडा रुंद दिसणार, ऑगस्ट-सप्टेंबरला तोच मिटलेला दिसणार. मे महिन्यात तडा बघून कुणी खाणवाल्यावर तक्रार करतो, तहसीलची माणसं पावसाळ्यात पंचनाम्याला येतात तेव्हा तडा जवळपास मिटलेला असतो आणि खरी तक्रारसुद्धा खोटी ठरते. हे टाळायचं असेल तर खालच्या खुणा तपासा.

काळ्या मातीच्या भेगा जमिनीवर जाळीसारख्या असतात, सगळीकडे फुटलेल्या, त्यांना एक अशी दिशा नसते. खोदकामामुळे सरकलेल्या जमिनीच्या भेगा खड्ड्याच्या किंवा नदीच्या काठाला समांतर जातात, बहुतेक वेळा किंचित वाकड्या, आणि खड्ड्याकडची बाजू थोडी खाली बसलेली असते, हात फिरवला तरी पायरी जाणवते. मातीची भेग पावसात मिटते, खचलेली मिटत नाही, उलट पाणी आत जाऊन वाढते.

तिसरं कारण लोक विसरतातच, ते म्हणजे पाणी. देवळाशेजारून गेलेली फुटकी पाइपलाइन, हातपंपाचं सांडपाणी, शेजारच्या बाथरूमचा शोषखड्डा. असं असेल तर एकाच कोपऱ्याखाली माती वर्षभर ओली असते, तिथंच गवत हिरवं राहतं आणि तडाही त्याच कोपऱ्याला असतो. पाइप दुरुस्त केला तर निम्मं दुखणं तिथंच थांबतं, त्यामुळे ही तपासणी आधी करा.

तड्याचा आकारही बोलतो. वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर भिंतीची टोकं खाली जातायत. खाली रुंद आणि वर निमुळता असेल तर मधला भाग बसतोय. जिन्यासारखा तिरका चढत जात असेल तर बहुतेक वेळा एक कोपरा उतरतोय. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांत दगडांमध्ये चुना नसतो, तिथं तडा जाण्याऐवजी सांधे उघडतात, म्हणून 'तडा नाही म्हणजे सगळं ठीक' असं समजू नका, दगडांमधली फट बघा. पूर्वी जिथं ब्लेडसुद्धा जात नसे तिथं आता बोट जातंय का, हे गावातल्या जुन्या पुजाऱ्याला चांगलं ठाऊक असतं, त्यांना विचारा.

तपासा: कारण एकच असेल असं धरून चालू नका. काळी माती, फुटका पाइप आणि बाजूचा मुरूमखड्डा हे तिन्ही एकाच देवळाला असू शकतात, आणि म्हणूनच पुढचं मोजमाप लागतं.

टप्पा ३: कुठपर्यंत झळ पोचते त्याचा नकाशा

गावनकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या, त्यावर देऊळ किंवा टेकाड, खड्डा, नदी, विहिरी, बोअर, पाइपलाइन सगळं मांडा. अंतर टेपने मोजा, मोबाइलवरच्या नकाशावर विसंबू नका. उघड्या खड्ड्यासाठी मी खड्ड्याच्या खोलीच्या दुप्पट अंतरापर्यंत लक्ष ठेवायला सांगतो, म्हणजे खड्डा १० मीटर खोल तर काठापासून २० मीटर. हा माझा अंदाजपट्टा आहे, कायद्याचा आकडा नाही. पाऊस आणि माती बघून तो वाढवा.

भूमिगत खाणीचं गणित वेगळं. तिथं दगड-कोळसा काढला की वरचं छत कोसळतं आणि तो परिणाम सरळ वर न येता फाकत वर येतो. खाण २०० मीटर खोल असेल आणि हा फाकण्याचा कोन उभ्या रेषेपासून ३५ अंश धरला तर खाणीच्या कडेपासून वर जमिनीवर १४० मीटरपर्यंत हालचाल पोचते. कोन प्रत्येक ठिकाणच्या दगडाप्रमाणे बदलतो, पण मुद्दा असा की 'खाण आमच्या देवळाच्या खाली नाहीये ना' एवढ्यावर निवांत बसू नका. उलट सगळ्यात वाईट जागा कडेचीच असते. मधोमध जमीन एकसारखी खाली बसते, कडेला मात्र ती ताणली जाते, आणि दगडी बांधकामाला दाब सोसतो, ताण सोसत नाही.

टप्पा ४: आजची अवस्था नोंदवा

खोदकाम सुरू व्हायच्या आधी हे झालं तर उत्तम, नाहीतर आज. प्रत्येक भिंतीचे समोरून फोटो, दोन फोटोंत साधारण ६० ते ७० टक्के भाग सारखा येईल असे, म्हणजे पुढे त्यावरून त्रिमितीय मॉडेलही करता येतं. प्रत्येक तड्याला नंबर द्या आणि फोटोत स्केल ठेवा, शाळेची पट्टी चालते, पण ती तड्याला चिकटून आणि आडवी धरा. तारीख कागदावर लिहून फ्रेममध्ये घ्या आणि मूळ फाइल जपा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो दबून येतो आणि त्यातली तारखेची माहितीही निघून जाते, म्हणून मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा.

पांढरीच्या टेकाडासाठी आणखी एक काम. तिथं उभी इमारत नसते, जे आहे ते मातीच्या थरांत आहे: खापरं, राख, जमिनी, भिंतींचे पाये. पायथ्याची माती काढली की वरचा भाग लोंबतो आणि एका पावसात ढासळतो, मग ते थर पुन्हा लावता येत नाहीत. देऊळ चुकलं तर दुरुस्त होतं, टेकाड होत नाही. कापलेल्या कडेचा स्केल ठेवून फोटो काढा, ढासळलेल्या मातीतली खापरं उचलून घरी नेऊ नका, जागेवरच ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवा.

हत्तरसंग-कुडलला शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, तोही भीमा-सीनेच्या संगमावर. आपल्या जिल्ह्यात नदीकाठच्या देवळाची किंमत काय असू शकते हे यावरून कळतं, आणि अशी अनेक देवळं अजून कुठल्याच संरक्षित यादीत नाहीत.

टप्पा ५: मोजायचं सामान आणि मोजायची पद्धत

लागणारं सामान फार नाही: ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (तिच्यातून वाचायची आकड्यांची उभी पट्टी), डिजिटल व्हर्निअर कॅलिपर (बारीक अंतर मोजायचं हत्यार), ओळंबा, टेप, वही. लेव्हल भाड्याने मिळते. सोलापुरात सिव्हिल इंजिनीअरिंगची कॉलेजं आहेत, तिथल्या सरांना भेटून विद्यार्थ्यांचं प्रोजेक्ट म्हणून हे काम मागितलं तर आकड्यांना वजनही येतं.

१. बेंचमार्क. आधी न हलणारा बिंदू शोधा, आणि इथं लोक हमखास चुकतात, देवळाच्याच जोत्यावर किंवा शेजारच्या विजेच्या खांबावर बेंचमार्क घेतात. देऊळ आणि बेंचमार्क दोन्ही एकदम खाली गेले तर फरक शून्यच दिसणार. बेंचमार्क झळ पोचणाऱ्या पट्ट्याच्या बाहेर, उघड्या काळ्या पाषाणावर घ्या, काळ्या मातीत कधीच नाही. किमान दोन घ्या, म्हणजे एकात गडबड झाली तर दुसऱ्यावरून कळेल.

२. जोत्यावरचे बिंदू. चारही कोपरे आणि प्रत्येक लांब भिंतीचा मध्य. संरक्षित वास्तूवर परवानगीशिवाय खिळा, रंग, काही नाही, तिथं एखाद्या दगडाचा ठराविक कोपरा धरायचा आणि त्याचा जवळून फोटो वहीत चिकटवायचा म्हणजे पुढच्या वेळी दुसरा माणूसही त्याच जागी स्टाफ ठेवेल.

३. लेव्हलची फेरी. बेंचमार्कवरून निघून सगळे बिंदू घेऊन परत त्याच बेंचमार्कवर या. सुरुवात आणि शेवट यांच्यात २ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर ती फेरी रद्द, परत घ्या. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने ढोबळ अंदाज येतो पण दोन-तीन मिमी इकडेतिकडे होतातच, त्यामुळे पुरावा म्हणून ती चालत नाही. मोबाइलच्या जीपीएसची उंची तर अजिबात धरू नका, ती काही मीटरनेही चुकते.

४. तडे. तड्याच्या दोन्ही बाजूंना ठरलेले बिंदू घेऊन त्यांच्यातलं अंतर कॅलिपरने मोजा. शक्य असेल तर तीन बिंदूंचा त्रिकोण करा, म्हणजे तडा रुंदावतोय की एक बाजू खाली सरकतेय हेही समजतं. काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची जुनी रीत आहे, काच फुटली म्हणजे हालचाल झाली. ती फक्त साध्या भिंतीवर करा, कोरीव दगडावर कधीही नको, आणि त्यातून 'हललं' एवढंच कळतं, 'किती' ते नाही.

५. कल. वरच्या कंगोऱ्यावरून ओळंबा सोडा, वाऱ्याने हलू नये म्हणून त्याचं वजन बादलीतल्या पाण्यात बुडवा, आणि भिंतीपासूनचं अंतर वर आणि खाली मोजा.

सावधान: वाचन नेहमी सकाळी, एकाच वेळेला घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी दगड इतका तापतो की तडा एका दिवसातच थोडा बदललेला दिसतो. दर वेळी तारीख, वेळ, आदल्या आठवड्यात पाऊस झाला का, जवळ सुरुंग उडाले का, सगळं लिहा. वाचन घेणारा माणूस शक्यतो एकच ठेवा.

टप्पा ६: किती दिवसांनी मोजायचं आणि आकडे कसे वाचायचे

साधारणपणे महिन्यातून एकदा पुरे. जवळ खोदकाम चालू असेल किंवा पाऊस जोरात असेल तर आठवड्याला. एक आख्खं वर्ष झाल्याशिवाय काळ्या मातीचं चक्र वेगळं काढता येत नाही, त्यामुळे दोन-तीन वाचनांवर निष्कर्ष काढून कुणावर आरोप करू नका. वर्षभराचा आलेख काढला की मातीमुळे होणारी हालचाल वर जाऊन परत खाली येते, खचणं मात्र एकाच दिशेला जात राहतं.

मोठेपणा समजायला एक हिशेब: दोन बिंदूंच्या उंचीतला वाढलेला फरक भागिले त्यांच्यातलं अंतर. १० मीटर लांब भिंतीची दोन टोकं २० मिमीने वरखाली झाली तर ते १/५०० झालं, ३३ मिमी झाली तर १/३००. इंजिनीअर मंडळी साधारण इमारतीसाठी १/३०० च्या आसपास भिंतींना तडे जायला लागतात असं धरतात, आणि तडा मुळीच नको असेल तर १/५०० च्या आत राहायला सांगतात. हे आकडे नव्या बांधकामावरून आलेत. आधीच सैल झालेल्या जुन्या देवळाला मी १/५०० ओलांडायची वाट बघू नका असंच सांगेन, आकडा त्या दिशेने जातोय एवढं दिसलं तरी स्ट्रक्चरल इंजिनीअरला जागेवर आणा.

टप्पा ७: अर्ज, आणि तोही योग्य दारात

लोक थेट कलेक्टरला निवेदन देतात, पेपरात फोटो येतो आणि पुढे काही होत नाही, कारण अर्जात आकडा नसतो आणि तो ज्याचं काम आहे त्याच्या टेबलावर पोचलेला नसतो.

आधी वास्तूचा दर्जा ठरवा. केंद्राच्या यादीतली असेल, आपला भुईकोट किल्ला तसा आहे, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. राज्याच्या यादीतली असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आणि राज्य पुरातत्त्व संचालनालय. कुठल्याच यादीत नसेल, आणि गावातली बहुतेक देवळं, गढ्या, बारव अशाच असतात, तर हे १०० मीटर तुम्हाला लागू होत नाहीत. अर्जात ते लिहिलं तर पहिल्याच फटक्यात अर्ज निकाली निघतो. तिथं गौण खनिजाच्या, म्हणजे वाळू-मुरूम-दगडाच्या परवान्याच्या वाटेने जा: परवाना कुणाला, कुठल्या गटात, किती ब्रासचा, मुदत कधीपर्यंत, हे तहसील आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडून माहिती अधिकारात मागा, उत्तराची मुदत ३० दिवस. परवान्याबाहेर उपसा झालेला असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली दंडाची कारवाई होते. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव जोडा.

सुरुंगाचा त्रास असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाला लिहा, स्फोटकं वापरणारी दगडाची खाणसुद्धा खाण कायद्यात येते. त्यांच्या १९९७ च्या परिपत्रकात ऐतिहासिक वास्तूंसाठी हादऱ्याची मर्यादा घरांपेक्षा कडक आहे: कंपन ८ हर्ट्झच्या (सेकंदाला ८ हेलकाव्यांच्या) खाली असेल तर हादऱ्याचा वेग सेकंदाला २ मिमी, ८ ते २५ हर्ट्झला ५ मिमी, त्यावर १० मिमी. अर्जात 'स्फोट बंद करा' एवढंच न लिहिता 'देवळाच्या जोत्याजवळ कंपन मोजून रिपोर्ट द्या' असं मागा, त्याला नाही म्हणणं अवघड जातं.

तपासा: प्रत्येक अर्जावर पोच आणि आवक क्रमांक घेतला का? मोजमापाचा तक्ता, आलेख, नकाशा जोडला का? पंचनाम्याला तुमचा माणूस वही घेऊन हजर असेल ना?

टप्पा ८: तात्पुरता आधार

कायमची दुरुस्ती आत्ता नाही, जमीन अजून हलतेय. आत्ता फक्त पाणी आणि आधार. पावसाचं पाणी पायापासून लांब काढा, पण चर खोदताना जोत्याला खेटून खोदू नका. जमिनीतल्या भेगा मातीने हलक्या हाताने बुजवा म्हणजे पाणी आत जाणार नाही. तुटलेल्या तुळईखाली लाकडी टेकू द्या, टेकूच्या खाली-वर फळी ठेवा, दगडावर लोखंड थेट टेकवू नका, आणि पाचरी हाताने घट्ट करा, जॅक लावून तुळई वर उचलायला जाऊ नका. संरक्षित वास्तू असेल तर एवढं करायलाही खात्याची परवानगी लागते.

टप्पा ९: खरी भूमिगत खाण असेल तर

हे विदर्भातल्या वाचकांसाठी. नियमाप्रमाणे दुसऱ्याच्या मालकीच्या इमारतीपासून, रस्त्यापासून ४५ मीटरच्या आत खाणीचं काम न्यायला खाण सुरक्षा अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, पण वरचं १४० मीटरचं उदाहरण बघितलंत तर ४५ मीटर पुरेसे नाहीत हे कळेल. त्यामुळे डिपिलरिंग, म्हणजे छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांब काढणं, सुरू व्हायच्या आधी पुढच्या गोष्टी मागा: जमीन किती बसेल याचा अंदाज-अहवाल, वास्तूखाली पुरेसा रुंद संरक्षक पिलर म्हणजे न काढता सोडलेला कोळसा, पोकळीत वाळूचं स्टोइंग म्हणजे भरणी, आणि वास्तूवरून जाणारी लेव्हलच्या खुंट्यांची रांग. पिलर अर्धाच वास्तूखाली आणि अर्धा बाहेर असा सोडला तर ताणाची कड नेमकी भिंतीतून जाते, म्हणून नकाशावर वास्तूची आख्खी रूपरेषा आणि फाकणारा कोन दोन्ही काढून घ्या. नव्या किंवा वाढीव खाणीसाठी पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी असेल तिथं हे लेखी द्या, निदान ३० दिवस आधी नोटीस निघते, तेवढ्यात तयारी करता येते. जुन्या उथळ खाणी असतील तर बंद होऊन अनेक वर्षं झाली तरी खड्डे पडतात, विशेषतः पावसाळ्यात, त्यामुळे 'खाण बंद आहे' हे उत्तर मान्य करू नका.

टप्पा १०: दुरुस्ती

जमीन थांबली असं तुमची वही सांगेल तेव्हाच. म्हणजे खोदकाम बंद होऊन एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला आणि आकडे परत जिथल्या तिथं आले. मग तडे चुन्याने भरा. सिमेंट नको, ते जुन्या दगडापेक्षा कडक असतं, ओल आत कोंडतं आणि पुढच्या हालचालीत दगडच फोडतं. चुन्याचं काम भर उन्हाळ्यात करू नका, तो झटकन सुकून भुगा होतो, पावसाळा संपल्यावर सुरू करा आणि गोणपाट ओलं ठेवून त्याला सावकाश पिकू द्या. ऑइल पेंट आणि टाइल्स कुणी देणगी म्हणून आणून दिल्या तरी नको म्हणा. काम झाल्यावर भरलेल्या तड्यांवर तेच नंबर, तेच बिंदू ठेवून पुढचं वर्षभर महिन्याचं वाचन चालू ठेवा.